बाटलीची अनामत: दुकानाच्या गल्ल्यापासून ऑनलाइन बिलापर्यंत

पेयाच्या बाटलीवर किंवा डब्यावर ग्राहकाकडून घेतली जाणारी अनामत रक्कम आज अनेक देशांत कायद्याने सक्तीची असून, ऑनलाइन पेये विकणाऱ्यालाही ती बिलात वेगळी दाखवून वसूल करावी लागते. ही सक्ती जेमतेम अर्धशतकाची आहे. त्याआधी दीडशेहून अधिक वर्षे अनामत हा दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यातला खासगी ठराव होता. त्या ठरावाचे दोन भाग होते: विकताना जादा पैसे घेणे आणि रिकामी बाटली आली की तेवढेच पैसे परत देणे. पहिला भाग कोणत्याही काळात कोणाला जड गेला नाही. दुसरा भाग कोणी, कुठे आणि कोणाच्या खर्चाने पार पाडायचा, या प्रश्नाभोवतीच अनामतीच्या इतिहासातले बहुतेक वाद, खटले आणि कायद्यातील दुरुस्त्या फिरत राहिल्या आहेत, आणि ऑनलाइन विक्रीच्या काळात तोच प्रश्न पुन्हा उघडा पडला आहे.

अनामतीचा उगम पर्यावरणाच्या काळजीत शोधणे चुकीचे ठरेल. १८०० च्या सुमारास डब्लिन येथील थ्वेट्स या सोडावॉटर बनवणाऱ्या कंपनीने रिकाम्या बाटल्या परत आणून देणाऱ्यांना डझनामागे दोन शिलिंग देण्याचे जाहीर केले होते, आणि या प्रथेचा हा सर्वांत जुन्या ज्ञात दाखल्यांपैकी एक मानला जातो. वायुयुक्त पाण्याचा दाब सोसणारी बाटली जाड काचेची असावी लागे, ती हाताने फुंकून तयार होई आणि त्यामुळे आतल्या पाण्याच्या मानाने ती बरीच महाग पडे. ग्राहकाने विकत घेतलेली वस्तू म्हणजे पेय. बाटली ही कारखानदाराच्या मालकीचीच राही, आणि ती पुढे अनेक वेळा धुऊन भरली गेली तरच धंद्याचे गणित जमे. कंपनीचे नाव काचेतच उठवण्याच्या पद्धतीमागेही हाच मालकी हक्क होता. अनामत म्हणजे या मालमत्तेसाठी ग्राहकाने ठेवलेला जामीन होता, आणि बाटली परत घेण्याचा उत्साह ग्राहकापेक्षा विक्रेत्यालाच अधिक असल्यामुळे परत घेण्याची सक्ती करण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

मुंबई आणि पुण्यातील शीतपेयांचा धंदा याच व्यवस्थेवर उभा राहिला. हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने १८७० च्या दशकात पेटंट घेतलेली, गळ्यात काचेची गोटी अडकवलेली बाटली भारतात गोटी सोडा म्हणून रुजली. पुण्यातील आर्देशीर (१८८४) आणि मुंबईतील ड्यूक्स (१८८९) यांसारख्या पारशी कारखान्यांनी सोडा, लेमोनेड आणि रासबेरी इराण्यांच्या हॉटेलांपर्यंत आणि किराणा दुकानांपर्यंत पोहोचवले, ते भरलेल्या बाटल्यांचे क्रेट उतरवून रिकाम्यांचे क्रेट उचलण्याच्या पद्धतीने. दुकानात उभ्या उभ्या पिणाऱ्याला अनामत पडत नसे, कारण बाटली तिथेच परत जाई. घरी न्यायची असेल तर मात्र दुकानदार डिपॉझिट मागे, आणि ओळखीच्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत ते तोंडी हिशेबावरही भागे. मुंबईत आरे दुग्धवसाहतीचे दूध काचेच्या बाटल्यांतून मिळे, तेव्हा पहाटे केंद्रावर जाणाऱ्याच्या पिशवीत आदल्या दिवशीच्या धुतलेल्या बाटल्या असाव्याच लागत. या सर्व व्यवहारांत विक्रीची जागा आणि परतीची जागा एकच होती; जो माल देई तोच रिकामी बाटली घेई, आणि नेहमीच्या ओळखीमुळे पावतीचीही गरज भासत नसे.

ही एकजागा मोडण्याची सुरुवात अमेरिकेत झाली. २४ जानेवारी १९३५ रोजी व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड येथे क्रूगर कंपनीची बिअर प्रथमच धातूच्या डब्यातून विक्रीला आली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर एकदाच वापरून टाकून देण्याचे डबे व बाटल्या झपाट्याने पसरल्या. त्यामागे ग्राहकाच्या सोयीइतकेच उत्पादकांचे हिशेब होते. बाटली परत येणार असेल तर भरणारा कारखाना गिऱ्हाइकापासून फार दूर असून चालत नाही, कारण रिकामी काच परत वाहून नेण्याचे भाडे अंतराबरोबर वाढते. बाटली परत येणारच नसेल तर एका मोठ्या कारखान्यातून अर्ध्या देशाला माल पुरवता येतो. सुपरमार्केटांनाही रिकाम्या बाटल्या मोजण्याचा, साठवण्याचा आणि त्यांच्यावर घोंगावणाऱ्या माश्यांचा त्रास नको होता. अशा रीतीने परत घेण्याचे काम व्यापाराने अंगावरून झटकले, आणि ते रस्त्याच्या कडेला, समुद्रकिनाऱ्यावर आणि नगरपालिकेच्या कचरागाडीत जाऊन पडले. व्हर्मांट राज्याने १९५३ मध्ये परत न घेतल्या जाणाऱ्या बिअरच्या बाटल्यांवर बंदी घातली, परंतु चार वर्षांनी तो कायदा संपुष्टात आला. त्याच १९५३ साली डबे आणि बाटल्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या पुढाकाराने ‘कीप अमेरिका ब्यूटिफुल’ ही संस्था स्थापन झाली, आणि कचऱ्याची जबाबदारी तो टाकणाऱ्या व्यक्तीची आहे, हा विचार तिने जाहिरातींतून लोकांच्या मनावर ठसवला.

याला उत्तर म्हणून आलेला कायदा ‘बॉटल बिल’ या नावाने ओळखला जातो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने १९७० मध्ये अनामत सक्तीची केली, आणि अमेरिकेत ओरेगॉन राज्याने १९७१ मध्ये तसा कायदा करून तो १ ऑक्टोबर १९७२ पासून लागू केला. ओरेगॉनच्या किनाऱ्यावर नित्य भटकणारे आणि तिथे साचणाऱ्या डब्याबाटल्यांनी उद्विग्न झालेले रिचर्ड चेंबर्स नावाचे एक नागरिक या मागणीमागे होते. १९६९ मध्ये पहिला प्रयत्न फसल्यानंतर गव्हर्नर टॉम मॅकॉल यांच्या पाठबळावर दुसरा यशस्वी झाला. बिअर आणि शीतपेयांच्या साध्या बाटलीवर वा डब्यावर ५ सेंट, तर अनेक कंपन्यांना वापरता येईल अशा प्रमाणित बाटलीवर २ सेंट, असे दर ठरले. हा फरक मुद्दाम ठेवलेला होता, कारण पुन्हा भरली जाणारी बाटली टिकून राहावी, हाही कायद्याचा एक हेतू होता. डबे बनवणाऱ्या कंपन्या न्यायालयात गेल्या आणि राज्याराज्यांतील व्यापाराला हा कायदा अडथळा आणतो असा दावा त्यांनी केला, परंतु १९७३ मध्ये ओरेगॉनच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला. राज्याच्या पर्यावरण विभागाच्या आकडेवारीनुसार रस्त्याकडेच्या कचऱ्यात पेयपात्रांचे प्रमाण १९७१ मध्ये ४० टक्क्यांपर्यंत होते, ते १९७९ पर्यंत ६ टक्क्यांवर आले.

या कायद्याने अनामतीचे स्वरूप मुळातूनच बदलले. जी बाटली विक्रेत्याला नकोशी झाली होती ती परत घेण्याचे बंधन आता त्याच्यावर आले, आणि ज्या रकमेमुळे पूर्वी त्याची मालमत्ता सुरक्षित राहत होती ती आता सार्वजनिक स्वच्छतेचा जामीन झाली. विक्रेत्याच्या दृष्टीने परत घेणे हा निव्वळ खर्च ठरल्याने, पुढे कायदे करणाऱ्या प्रत्येक राज्याला त्या खर्चाची व्यवस्था लावावी लागली. न्यूयॉर्कमध्ये दुकानदाराला दर पात्रामागे साडेतीन सेंट हाताळणी शुल्क, म्हणजे परत घेण्याच्या श्रमाचा मोबदला, पुरवठादाराकडून मिळतो. मिशिगनने १९७८ पासून १० सेंट अनामत लागू केली. तिथे कोणीही मागायला न आलेली अनामत पुढे राज्य आणि दुकानदार यांच्यात ७५ व २५ टक्के अशी वाटली जाऊ लागली. ओरेगॉनमध्ये मात्र ती पेय-वितरकांकडेच राहते, आणि सलग दोन वर्षे परतीचे प्रमाण ८० टक्क्यांच्या खाली गेल्यास अनामत दुप्पट करावी, ही कायद्यातील तरतूद प्रत्यक्षात येऊन एप्रिल २०१७ मध्ये ५ सेंटचे १० सेंट झाले.

पैसे घेण्याची यंत्रणा चोख आणि परत घेण्याची ढिली असेल तर काय होते, याचे उदाहरण कॅलिफोर्नियाने दिले. १९८६ च्या कायद्याने तिथे परतीचा मुख्य भार दुकानांऐवजी स्वतंत्र संकलन केंद्रांवर टाकला, आणि या केंद्रांचा चरितार्थ बऱ्याच अंशी भंगाराच्या बाजारभावावर अवलंबून राहिला. अॅल्युमिनियम आणि प्लॅस्टिकचे भाव घसरल्यावर केंद्रे बंद पडू लागली. ऑगस्ट २०१९ मध्ये रीप्लॅनेट या सर्वांत मोठ्या चालकाने आपली २८४ केंद्रे एकदम बंद केली. प्रत्येक बिलात ५ किंवा १० सेंट पूर्वीप्रमाणेच आकारले जात राहिले, पण ते परत मिळवण्यासाठी जायचे कुठे, हे अनेक वस्त्यांतील लोकांना कळेनासे झाले. अशा ठिकाणी अनामत नावापुरती उरते आणि व्यवहारात ती कर होऊन बसते.

युरोपात या प्रश्नाला यंत्राची जोड मिळाली. नॉर्वेतील पेटर आणि टोरे प्लांके या भावांनी १९७२ मध्ये टोमरा ही कंपनी स्थापन करून रिकाम्या बाटल्या स्वतः ओळखणारे आणि पावती देणारे यंत्र बाजारात आणले. ग्राहकाने बाटली गोल तोंडात सारायची, यंत्राने तिचा आकार व पुढील काळात तिच्यावरील बारकोड वाचायचा, आणि शेवटी छापून आलेली पावती गल्ल्यावर वटवायची, असा हा क्रम आहे. स्वीडनमध्ये १९८४ पासून अॅल्युमिनियमच्या डब्यांसाठी उद्योगाने मिळून चालवलेली सामायिक यंत्रणा सुरू झाली. डेन्मार्कने मात्र धातूच्या डब्यांनाच मज्जाव केला आणि पेये मान्यताप्राप्त, परत येणाऱ्या पात्रांतच विकण्याचा नियम घातला. परदेशी उत्पादकांना हा अडसर वाटल्याने युरोपीय आयोगाने दावा लावला, आणि युरोपीय न्यायालयाने २० सप्टेंबर १९८८ रोजी निकाल देताना पर्यावरणरक्षण हे व्यापारावरील निर्बंधाचे ग्राह्य कारण ठरू शकते, म्हणून अनामतीची सक्ती योग्य आहे, असे म्हटले; मान्यता नसलेल्या पात्रांतून आयात होणाऱ्या पेयांवर घातलेली परिमाणाची मर्यादा मात्र त्याने अमान्य केली. सीमेपलीकडून येणाऱ्या मालावरही अनामत लावता येते, पण त्या मालाला व्यवस्थेत शिरायला वाट ठेवली पाहिजे, हे या निकालाचे सार पुढे ऑनलाइन व्यापारालाही लागू पडले.

जर्मनीची वाटचाल या दृष्टीने सर्वांत बोधप्रद आहे. १९९१ च्या वेष्टन अध्यादेशात अशी अट होती की पुन्हा भरल्या जाणाऱ्या पात्रांचा वाटा ७२ टक्क्यांच्या खाली गेला तर एकदाच वापरायच्या पात्रांवर सक्तीची अनामत लागेल. वाटा १९९७ पासून घसरला, वाद आणि खटले झाले, आणि अखेरीस पर्यावरणमंत्री युर्गेन ट्रिटिन यांच्या काळात १ जानेवारी २००३ रोजी ही अनामत सुरू झाली. सुरुवातीचे महिने गोंधळाचे होते: देशव्यापी यंत्रणा तयार नसल्याने डबा जिथे घेतला त्याच दुकानात, पावती किंवा बिल्ला दाखवून परत करावा लागे. पुढे मोठ्या सवलतीच्या दुकानसाखळ्यांनी स्वतःच्या खास आकाराच्या बाटल्या काढल्या आणि कायद्यातील पळवाटेचा आधार घेत फक्त तेवढ्याच परत घेतल्या. या पद्धतीला ‘बेटांची व्यवस्था’ म्हटले गेले. १ मे २००६ पासून ती संपली. तेव्हापासून काच, प्लॅस्टिक वा धातू यांपैकी ज्या प्रकारची अनामत-पात्रे दुकान विकते, त्या प्रकारचे कोणत्याही कंपनीचे पात्र त्याला घ्यावे लागते. केवळ २०० चौरस मीटरपेक्षा लहान दुकानांना आपण विकतो त्याच ब्रँडपुरते बंधन पाळण्याची मुभा आहे.

विक्रीची जागा आणि परतीची जागा एकमेकींपासून पूर्णपणे सुटण्याचा हा क्षण होता, आणि तो हिशेबाच्या एका नव्या रचनेमुळे शक्य झाला. २००५ मध्ये स्थापन झालेल्या डीपीजी या संस्थेने ठरवलेले चिन्ह आणि बारकोड एकदाच वापरायच्या प्रत्येक पात्रावर असतात. बाटली ज्या दुकानात परत येते ते दुकान ग्राहकाला २५ सेंट देते, यंत्र तिला चेपून पुन्हा वापरण्यास निकामी करते आणि बारकोडच्या नोंदीवरून दुकान ती रक्कम मूळ अनामत घेणाऱ्याकडून, म्हणजे पेय भरणाऱ्या किंवा आयात करणाऱ्या कंपनीकडून, वसूल करते. याच्या शेजारी पुन्हा भरल्या जाणाऱ्या बाटल्यांची जुनी व्यवस्थाही चालू राहिली. अर्धा लिटर बिअरच्या २० बाटल्यांचा क्रेट घेतला, तर बाटलीमागे ८ सेंटप्रमाणे १ युरो ६० सेंट आणि रिकाम्या क्रेटचे दीड युरो मिळून ३ युरो १० सेंट अनामत पडते. त्याऐवजी बिअरचे २४ डबे घेतले तर ती ६ युरो होते. एकाच बिलात दोन पिढ्यांच्या अनामती अशा शेजारी शेजारी दिसतात: एक बाटली पुन्हा भरण्यासाठी, दुसरी पात्राचा कच्चा माल परत मिळवण्यासाठी.

ऑनलाइन विक्री या रचनेत आली तेव्हा पैसे घेण्याचा भाग सहज बसला. अनामत ही किमतीचा भाग आहे की वेगळी रक्कम, हा वाद मात्र दुकानांच्या जाहिरातींपासून सुरू होऊन युरोपीय न्यायालयापर्यंत गेला, आणि २९ जून २०२३ च्या निकालाने विक्री-किमतीत अनामतीचा समावेश होत नाही, असे ठरले; म्हणून पेयाची किंमत आणि अनामत यांचे आकडे वेगवेगळे मांडता येतात, आणि दोन दुकानांच्या दरांची तुलना सरळ होते. करआकारणीत मात्र देशोदेशी एकवाक्यता नाही. जर्मनीत २५ सेंटच्या किमान अनामतीतच मूल्यवर्धित कर धरलेला असतो. कॅलिफोर्नियात पेयावर विक्रीकर असेल तर अनामतीवरही तो लागतो. न्यूयॉर्कमध्ये अनामत करमुक्त आहे. अनेक राज्यांत माल पाठवणाऱ्या विक्रेत्याला त्यामुळे एकाच बाटलीसाठी पत्त्यानुसार निरनिराळी बिले करावी लागतात.

पत्ता हाच येथे निर्णायक ठरतो. अनामतीचे बंधन माल कुठून निघाला यावर ठरत नाही. तो ग्राहकाच्या हाती कुठे पडला यावर ठरते. हे तत्त्व इंटरनेटच्या आधीपासून रुळलेले आहे: जर्मनीच्या डेन्मार्कलगतच्या सीमेवरील दुकाने डेन्मार्क वा स्वीडनच्या ग्राहकाकडून ‘पेये देशाबाहेर नेत आहे’ असे लिहून घेऊन बिअरचे डबे बिनअनामत विकत आली, आणि रिकामा डबा तिकडेही परतीच्या यंत्रणेबाहेरच राहत असल्याने या सवलतीवर डेन्मार्कमध्ये बराच रोष होता. ऑनलाइन व्यापारात याच्या उलट प्रकार घडतो. परदेशातून आणलेल्या हौशी पेयाच्या डब्यावर स्थानिक चिन्ह आणि नोंदलेला बारकोड नसेल, तर विक्रेत्याने अनामत घेतली तरी यंत्र तो डबा ओळखत नाही. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२४ पासून वाइन आणि मद्य यांचा समावेश आपल्या योजनेत केला, तेव्हा मधला वितरक वगळून थेट घरपोच वाइन पाठवणाऱ्या इतर राज्यांतील द्राक्षमळेवाल्यांवरही नोंदणी, हिशेब आणि भरणा यांचे काम येऊन पडले.

परत घेण्याच्या बाबतीत कायद्याने दोन निरनिराळे मार्ग चोखाळले. जर्मन कायदा दूरविक्री करणाऱ्याला, म्हणजे पत्राने, फोनने वा इंटरनेटवरून माल विकणाऱ्याला, ग्राहकापासून वाजवी अंतरावर परतीची सोय उपलब्ध करण्यास सांगतो. प्रत्यक्षात ग्राहक बहुधा जवळच्या सुपरमार्केटातील यंत्रात बाटल्या टाकतो, आणि डीपीजीच्या हिशेबामुळे अनामतीचे पैसे योग्य ठिकाणाहून वसूल होत असले, तरी यंत्र, जागा आणि माणूसबळ यांचा भार ज्याने ते पेय विकलेच नाही त्या दुकानावर पडतो. ‘फ्लाशनपोस्ट’सारख्या घरपोच सेवांनी मात्र जुनी रीत पुन्हा आणली: भरलेला क्रेट दारात ठेवायचा आणि रिकामा तेथूनच उचलायचा. स्कॉटलंडने २०२० च्या नियमांत हीच रीत सक्तीची करू पाहिली, आणि दूरविक्री करणाऱ्यांवर ग्राहकाच्या घरून पात्रे परत नेण्याचे बंधन घातले. लहान विक्रेत्यांना हे पेलवणार नाही, अशी ओरड झाल्यावर ते बंधन केवळ सर्वांत मोठ्या सुपरमार्केटांपुरते ठेवण्याचे ठरले, आणि पुढे काचेच्या समावेशावरून लंडनच्या सरकारशी झालेल्या वादात संपूर्ण योजनाच २०२३ मध्ये लांबणीवर पडली.

भारतात सक्तीच्या अनामतीचा अनुभव अलीकडचा आहे. महाराष्ट्र शासनाच्या २३ मार्च २०१८ च्या प्लॅस्टिकविषयक अधिसूचनेने पाण्याच्या व पेयांच्या मोठ्या प्लॅस्टिक बाटलीवर १ रुपया आणि लहान बाटलीवर २ रुपये असे पुनर्खरेदी मूल्य छापण्याचे, तर दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे ठेवण्याचे बंधन घातले. मूल्य छापले गेले, परंतु ती बाटली कोणत्या दुकानाने घ्यायची आणि त्याचे पैसे त्याला कोणी द्यायचे, हा दुवा जुळला नाही. बाटल्या पूर्वीप्रमाणेच भंगारवाल्याकडे वजनावर गेल्या. याउलट तमिळनाडूत निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून सरकारी मद्यदुकानांनी बाटलीमागे घेतलेले १० रुपये त्याच दुकानांत परत मिळू लागले, कारण विक्रेता एकच असल्याने जबाबदारी ढकलायला दुसरे कोणी नव्हते. केदारनाथच्या यात्रामार्गावर त्याच वर्षी प्लॅस्टिक बाटल्यांवर क्यूआर कोड लावून १० रुपयांची अनामत सुरू झाली, आणि गोव्याने २०२४ मध्ये राज्यव्यापी ठेव परतावा योजना अधिसूचित केली.

क्यूआर कोडाचा हा मार्ग ऑनलाइन विक्रीच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. साधा बारकोड केवळ पेयाचा प्रकार सांगतो, म्हणून एकाच बाटलीवर दोनदा पैसे घेतले जाऊ नयेत यासाठी तिला यंत्रातच निकामी करावे लागते; प्रत्येक बाटलीला स्वतंत्र क्रमांक असेल तर तिची परतफेड एकदाच होईल याची खात्री यंत्राशिवायही देता येते. वेल्समधील कॉनवी येथे २०२१ मध्ये झालेल्या प्रयोगात लोकांनी घरीच बाटलीवरील कोड मोबाइलने वाचून ती नेहमीच्या पुनर्वापराच्या डब्यात टाकली. ही पद्धत मोठ्या प्रमाणावर टिकली, तर परतीची जागा ग्राहकाच्या दारापर्यंत येते. मात्र तेव्हाही कोणी तरी ती बाटली उचलावी लागेल, आणि त्या उचलण्याचा खर्च कोणाच्या तरी खात्यावर पडेलच.

दोनशेहून अधिक वर्षांच्या या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. अनामतीची रक्कम किती असावी यावर सर्वत्र भरपूर चर्चा झाली, परंतु एखादी योजना चालली की बंद पडली याचा निकाल बहुधा परतीच्या बाजूने लागला: ओरेगॉनमध्ये दुकानांनी बाटल्या घेतल्या म्हणून, जर्मनीत हिशेब सामायिक झाला म्हणून योजना टिकल्या; कॅलिफोर्नियात केंद्रे बंद पडल्याने आणि महाराष्ट्रात ती उघडलीच न गेल्याने छापील रक्कम निरर्थक ठरली. युरोपीय संघाच्या नव्या वेष्टन नियमांनी २०२९ पर्यंत प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि धातूचे डबे यांपैकी ९० टक्के वेगळे गोळा करण्याचे लक्ष्य सदस्य देशांपुढे ठेवले आहे, आणि त्यात ऑनलाइन विकलेल्या पेयांचाही वाटा आहे. त्या विक्रेत्यांकडून बिलात अनामत दाखवून घेणे हे काम सॉफ्टवेअरच्या एका ओळीत भागते. त्यांनी विकलेली पात्रे मोजणाऱ्या, ठेवून घेणाऱ्या आणि पुढे पाठवणाऱ्या माणसांचा मोबदला त्याच बिलातून निघावा, अशी तरतूद जिथे केली जाईल, तिथेच ही सक्ती आपल्या हेतूला जागेल.